चौकट, हंडा, जातं, झोपाळा : सहलीत घेतलेली मोठी जुनी वस्तू सोलापुरात सुखरूप कशी आणायची

कोकणात घेतलेली सागवानी दारं आंबा घाट सुखरूप चढतात, मिरज-सांगोला-मंगळवेढा करत सोलापुरात पोचतात आणि वैशाखात दिवाणखान्यात उभ्या-उभ्या तडकतात. हैदराबादचं शिसवी कपाट जिन्याच्या वळणावर अडतं आणि महिनाभर पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून राहतं. ही दोन्ही नुकसानं टाळता येतात. त्यासाठीचं खरं काम मात्र खरेदीच्या आधी आणि वस्तू घरी आल्यानंतरचं आहे. मधली वाहतूक त्या मानाने सोपी. म्हणून सुरुवात घरातूनच करू.

निघण्याआधी घराची मापं

पाच मापं वहीत लिहून घ्यावीत: मुख्य दाराची मोकळी रुंदी, जिन्याची रुंदी, जिन्याच्या वळणावरच्या जागेची लांबी-रुंदी, लिफ्टचं दार आणि आतली खोली, आणि वस्तू ठेवायच्या जागेची लांबी-रुंदी-उंची. दाराचं माप चौकटीच्या आतून घेतलं की चूक होते. कवाड पूर्ण उघडल्यावरही त्याची जाडी आणि कडीचा पुढे आलेला भाग रुंदीतून दीड-दोन इंच खातो, म्हणून दार उघडं ठेवून उरलेली जागा मोजावी. शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांत आणि धाब्याच्या माळवदी घरांत दारं बुटकी असतात. तिथे उंचीही मोजावी. बोळातून टेम्पो दारापर्यंत येतो की नाक्यावरून हमालीने आणावं लागेल, हेही आताच पाहून ठेवावं.

कपाटाच्या बाबतीत एक हिशोब हमखास राहून जातो. 7 फूट उंच आणि 2 फूट खोल कपाट आडवं करून आत आणलं की ते उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो. 84 इंच आणि 24 इंच यांचा कर्ण सुमारे 87 इंच, म्हणजे 7 फूट 3 इंच. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत अडचण नाही, पण माळ्याखाली किंवा फॉल्स सिलिंगखाली तीन इंच कमी पडतात आणि कपाट तिरकंच राहतं. जिन्याच्या वळणाबद्दल शंका असेल तर पुठ्ठ्याची खोकी जोडून वस्तूच्या तळाएवढा साचा करावा आणि तो वळवून पाहावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वजनाचंही तसंच. घरगुती स्लॅबचा हिशोब सहसा चौरस मीटरला 200 किलो धरून केलेला असतो. दगडी रांजण किंवा मोठं उखळ वरच्या मजल्यावर ठेवायचं असेल तर खोलीच्या मधोमध नको, बीमजवळ किंवा भिंतीलगत ठेवावं.

सोबत काय घ्यायचं

5 मीटरचा टेप, चुंबक, टॉर्च, हुक असलेला 50 किलोचा लगेज काटा, जाड टाचणी, खडू, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, दोन रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे आणि तीन-चार जुन्या सोलापुरी चादरी. चादरीचा आग्रह उगाच नाही. जॅकार्डची जाड सुती वीण घसरत नाही, पॉलिशवर तंतू सोडत नाही आणि हवा खेळती ठेवते. बाजारात मिळणाऱ्या बबल रॅपपेक्षा लाकडाला ती कितीतरी चांगली, आणि घरी आल्यावर तिचा पुढे सांगितलेला दुसरा उपयोगही आहे.

कुठे आणि कधी

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. हैदराबादला गुरुवारचा जुम्मेरात बाजार. तमिळनाडूच्या सहलीत कारैकुडी लागलं, तर चेट्टियारांच्या वाड्यांतलं लाकूडकाम आणि एनॅमलची भांडी तिथे दुकानोदुकानी दिसतात. पंढरपूर-तुळजापूरच्या फेरीत पितळ-तांबं मिळतं, पण गर्दीच्या दिवशी निवांत पारख होत नाही. सहलीच्या पहिल्या दिवशी पाहून ठेवावं आणि घ्यायचं ते परतीच्या दिवशी घ्यावं. एकदा गाडीत चढलेली वस्तू हॉटेलच्या पार्किंगमध्ये राखत बसण्यात मुलांची सहल वाया जाते.

ज्याला हात लावायचा नाही

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा 1972 चा, आणि तो 5 एप्रिल 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू, तसंच 75 वर्षं किंवा त्याहून जुनं ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित त्यात येतं. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. मूर्ती, शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी असावी लागते, आणि नोंदलेली वस्तू विकली गेली की मालकी बदलल्याचंही कळवावं लागतं. दुकानदाराकडे नोंदणीचा कागद नसेल तर अशी वस्तू घेऊ नये. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी म्हणून काही घेत असाल तर आणखी सावध राहा. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याहून नवी असेल तर ती पुरावशेष नसल्याचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र जवळ असलेलं बरं.

हस्तिदंत, वन्य प्राण्यांची शिंगं, कातडी यांचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. तलवार-भाल्याला शस्त्र कायदा लागतो.

आणि गावोगाव पडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), देवळाचे कोरीव दगड, शिलालेख. ‘कुणाचंच नाही, नाहीतरी ऊन-पाऊस खातंय’ असं म्हणून ते उचलले जातात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, देवळाच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. तो दगड जागेवर राहिला म्हणून वाचता आला. कोरीव दगड जागेवरून हलला की त्याचा अर्थच जातो. फोटो काढावा, गाव आणि जागा लिहून ठेवावी, आणि तिथेच सोडावा.

पारख

लाकडापासून सुरू करू. जुनं लाकूड म्हणजे कडक लाकूड असं नसतं. कवाडाच्या खालच्या सहा इंचांत, चौकटीच्या उंबऱ्याजवळ आणि भिंतीत गाडलेल्या बाजूला टाचणी टोचून पाहावी. चांगल्या सागात ती जेमतेम शिरते. वाळवीने आतून पोकळ केलेल्या जागी सहज आत जाते. बारीक गोल भोकं दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती जुनी असू शकतात. खाली काळा कागद धरून वस्तूवर थापटावं. फिकट, मैद्यासारखं पीठ पडलं तर किडा अजून जिवंत आहे. पीठ पडलं नाही आणि भोकांच्या कडा काळपट असल्या तर किडा बहुधा केव्हाच उडून गेला.

जुनं म्हणून नवं खपवणं कुठे उघडं पडतं? वस्तूच्या पाठीमागे, तळाला आणि खणांच्या आत. दर्शनी बाजू मळकट करणं सोपं असतं, पण आतल्या फळीवर रंध्याच्या हातखुणांऐवजी यंत्राच्या सरळ रेघा दिसल्या, स्क्रू सगळे फुलीच्या खाचेचे असले, आणि झिजेची जागा चुकीची असली, तर सोडून द्यावं. हात लागतो तिथे कडीभोवती, पाय पडतो तिथे उंबऱ्याच्या मध्यावर झीज हवी. चारही कोपरे सारखेच झिजले असतील तर ती झीज पॉलिश पेपरची.

पितळ-तांब्याला आधी चुंबक. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. घंगाळ, हंडा, बंब आतून टॉर्चने पाहावेत. जुन्या हाताने घडवलेल्या भांड्याला ठोक्यांच्या खुणा असतात आणि पत्रा जोडलेल्या ठिकाणी दातेरी सांधा दिसतो. नव्या भांड्याला आम्ल लावून आणलेला हिरवेपणा सगळीकडे सारखा असतो आणि ओल्या बोटाने निघतो. खरा कळंक कडांना, कानांखाली आणि सांध्यांत साचतो. भांडं उलटं धरून उन्हाकडे पाहावं, सुईएवढी भोकं लगेच कळतात. कानांचे रिव्हेट हलवून पाहावेत. बंबाच्या बाबतीत आतली धुराची नळी गळकी असणं ठरलेलंच, तेव्हा तो पाणी तापवायला नको, शोभेला घ्यावा.

चिनी मातीची बरणी बोटाच्या पेराने वाजवावी. खणखणीत वाजली तर धड आहे, भद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. झिलईवर जाळीसारखे तडे असतील किंवा ती कुठे बनली हे माहीत नसेल तर तिच्यात लोणचं घालू नये. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि लोणच्याची आंबट खारट फोड ते ओढून घेते.

भोंग्याच्या ग्रामोफोनबद्दल थोडक्यात: घेऊ नका. पर्यटकांच्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेकांची पेटी नवी, भोंगा नवा आणि फक्त आतली मोटर कुठल्यातरी जुन्या यंत्रातली असते. खरंच घ्यायचा असेल तर जाणकाराला सोबत न्यावं.

वजन, भाव, विसार

काटा लावता येत नसेल तर घनफुटावरून अंदाज येतो. सागवान घनफुटाला 18 ते 19 किलो, शिसव 23 ते 24, काळा पाषाण 80 च्या वर. 6 फूट उंच, 3 फूट रुंद आणि दीड इंच जाडीच्या दाराचं लाकूड सव्वादोन घनफूट होतं, म्हणजे दोन्ही कवाडं मिळून 40 किलोच्या पुढे. 5 बाय 4 इंचाची, चारही बाजू मिळून 22 फुटांची चौकट आणखी 55 किलो. कडी-कोयंडे, अडसर धरून शंभरी गाठते. 16 इंच व्यासाचं जातं, प्रत्येक तळी 3 इंच जाड असेल, तर जोडी 55 ते 60 किलोची. ‘गाडीत मावेल’ आणि ‘गाडीला झेपेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल.

धातूच्या वस्तूचा भाव करताना त्या दिवशीचा मोडीचा दर आधी विचारून घ्यावा. वजन गुणिले मोडीचा दर ही तळाची किंमत. त्यावर जे मागितलं जातं ते घडणावळ आणि जुनेपणा यांचं, आणि घासाघीस तेवढ्याच भागावर होते. हे समोरच्याला कळलं की बोलणं लवकर मिटतं.

वस्तू मागाहून यायची असेल तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त विसार देऊ नये, उरलेले पैसे माल गाडीत चढताना द्यावेत. पावतीवर ‘जुनं दार’ एवढं लिहून भागत नाही. लाकूड, मापं, सुटे भाग किती, कड्या किती, कुठे काय तुटलेलं आहे, हे सगळं लिहून घ्यावं. टेप लावून फोटो काढावेत आणि पाठीमागे पेन्सिलने आपली बारीक खूण करावी. तीच वस्तू घरी आली की तिची जुळी आली, हे त्या खुणेवरून कळतं. राज्याची हद्द ओलांडून येणारा माल 50,000 रुपयांच्या वरचा असेल तर दुकानदाराकडून ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) करून घ्यावं. हैदराबादहून येताना जहीराबादनंतर कर्नाटक लागतं आणि हुमनाबाद ओलांडल्यावर उमरग्याआधी महाराष्ट्र, म्हणजे वाटेत दोन हद्दी आहेत. लाकडी वस्तूच्या बिलावर ‘जुने वापरलेले लाकडी सामान’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं.

सुटं करणं

जुनी चौकट खिळ्यांवर नसते, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आणि लाकडी मेखांवर असते. मेख एका बाजूला किंचित निमुळती असते. बारीक टोकाकडून ठोकली की जाड टोकाकडून बाहेर येते. उलट ठोकली तर ती आणखी घट्ट बसते आणि कुसू फाटतो. ठोकायला लाकडी हातोडा घ्यावा, किंवा मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. सुटं करण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहावा आणि फोटो काढावा. गणेशपट्टी (चौकटीची वरची आडवी बाजू), उंबरा, दोन उभ्या बाजू वेगळ्या झाल्या की चारही एकसारख्याच दिसू लागतात. बिजागरी नसलेली, लाकडाच्या टोकांवर फिरणारी कवाडं असतील तर ती टोकं चिंधी गुंडाळून जपावीत. ती मोडली की दार बसवताना नवं लाकूड जोडावं लागतं.

झोपाळ्याच्या पितळी कड्या क्रमाने एका दोरीत ओवून ठेवाव्यात. शिलाई मशीनचं डोकं स्टँडपासून मागच्या बिजागऱ्यांचे दोन स्क्रू ढिले करून वेगळं होतं, आणि ते वेगळंच आणावं. जोडून आणलं तर धक्क्याने बिडाचे कान तुटतात आणि बीड साधं वेल्डिंग घेत नाही. लंबकाच्या घड्याळाचा लंबक काढून घ्यावा आणि त्याची पातळ पोलादी पट्टी कागदात बांधावी. आरसा आणि काच उभीच न्यावी, आडवी ठेवली की रस्त्याच्या हिसक्याने मधोमध फुटते.

बांधणी

आधी चादर, मग पुठ्ठा, मग दोर. प्लास्टिक सगळ्यात बाहेर, आणि त्याचीही दोन्ही टोकं मोकळी. लाकूड थेट प्लास्टिकमध्ये बंद करून उन्हात ठेवलं तर आतला ओलावा घाम येतो तसा बाहेर पडून पॉलिशवर पांढरे डाग उमटवतो. कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे दुहेरी कोन लावावेत. हंड्यात किंवा बरणीत कपडे भरावेत, पण सैलसर. कोंबून भरले तर दाब आतून येतो. बरणी दोन खोक्यांत, मध्ये चहूबाजूंनी दोन इंच कागदाचे बोळे. जात्याच्या तळ्या स्कूटरच्या जुन्या टायरमध्ये बसवाव्यात: दगड गडगडत नाही आणि गाडीचा पत्राही वाचतो.

आणायचं कशातून

स्वतःच्या गाडीत आणायचं तर जड वस्तू खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, हलकी वस्तू टपावर. जातं किंवा पितळी समई मोकळी ठेवून मुलांना त्यापुढच्या सीटवर बसवू नये. करकचून ब्रेक लागला की पहिली पुढे येते ती हीच वस्तू. टपाच्या कॅरिअरवर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि लहान गाड्यांना ते बहुधा 50 किलोच्या आसपास, कॅरिअरचं वजन धरून. म्हणजे वर सांगितलेलं दार-चौकट टपावर नाहीच. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि काथ्याची भिजली-वाळली की सैलावते, म्हणून रॅचेटचे पट्टे वापरावेत. पहिल्या 20-25 किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, नंतर दर तासाला. सामान गाडीबाहेर डोकावत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 20,000 रुपयांपर्यंतचा भुर्दंड बसू शकतो. डिकी उघडी ठेवून बाहेर आलेली तुळई घेऊन हायवेला लागू नये.

मुंबईहून रेल्वेचा पर्याय चांगला आहे, कारण सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरातच संपते. मधल्या स्टेशनावर दोन मिनिटांत पार्सल उतरवण्याची घाई त्यात नसते, आणि वस्तू फुटतात त्या घाईत. डब्यात न्यायची पेटी 100 × 60 × 25 सेंटिमीटरच्या आत हवी. थर्ड एसी आणि एसी चेअर कारला मर्यादा 55 × 45 × 22.5. मोफत वजन स्लीपर आणि थर्ड एसीला 40 किलो, सेकंड एसीला 50. त्यावरचं पार्सल ऑफिसमधून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकावं. नोंदवताना तिकीट दाखवून ‘लगेज’ म्हणून नोंदवलं तर ते आपल्याच गाडीने येतं. ‘पार्सल’ म्हणून नोंदवलं तर जागा मिळेल त्या गाडीने. नाव, मोबाइल नंबर आणि ‘सोलापूर’ दोन बाजूंना ठळक लिहावं, तीच चिठ्ठी आतही ठेवावी. मौल्यवान वस्तूची किंमत जाहीर करून जादा आकार भरला नाही, तर नुकसानभरपाई किलोमागे ठरलेल्या तुटपुंज्या दराने मिळते. सोलापुरात आल्यावर माल वेळेत सोडवून घ्यावा, नाहीतर जागाभाडं चढतं.

शंभर किलोच्या वर मात्र ट्रान्सपोर्टच बरा. निघण्याआधी सोलापुरातल्याच ट्रान्सपोर्ट ऑफिसात चौकशी करावी. चादरी-टॉवेल घेऊन इथून मुंबई-हैदराबादला माल जातो, आणि परतीच्या गाडीत जागा असेल तर भाडं पुष्कळ कमी पडतं. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, नग किती, वजन, ‘टू-पे’ (भाडं माल घेताना) की ‘पेड’ (आधीच भरलेलं), गोडाऊन डिलिव्हरी की घरपोच हे तपासावं. सुट्या भागांचे पाच नग असतील तर पाचच लिहायला लावावेत. ‘एक बंडल’ लिहिलं आणि उंबरा हरवला तर दाद मागता येत नाही. अख्खं दार, कपाट, झोपाळा असं एकत्र असेल तर छोटा हत्ती करावा. त्याचा हौदा साधारण 7 फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो, तेवढ्यात ते सगळं बसतं. माल उतरवून घेताना सही करण्याआधी पाहावं, आणि काही मोडलेलं असेल तर पोच पावतीवर तिथेच शेरा लिहावा.

सोलापूरची हवा

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोकणच्या पावसाळी हवेत सागात 16 ते 18 टक्के ओलावा असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा 42-43 वर असताना, तो 6 ते 8 टक्क्यांवर येतो. या फरकाने दोन फूट रुंदीची सागवानी फळी रुंदीत 5 ते 10 मिलिमीटर आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आकसायला वाव असेल तर फळी नुसती अरुंद होते. खिळ्यांनी किंवा फेविकॉलने दोन्ही कडा जखडलेल्या असतील तर मधोमध फाटते. दारांच्या पॅनेलना जुन्या सुतारांनी खाचेत मोकळं सोडलेलं असतं ते याचसाठी. ‘पॅनेल हलतंय, पक्कं करून देतो’ असं कुणी म्हणालं तर करू देऊ नये.

सगळ्यात वाईट वेळ मे महिन्याची, आणि घराघरातल्या सहली नेमक्या तेव्हाच निघतात. कोकणात तेव्हा दमट हवा, इथे कोरडं ऊन. दिवाळीच्या सुट्टीत आणलेलं लाकूड हळूहळू कोरडं होत जातं, ते निभावतं. मे महिन्यातच आणलं असेल तर सुकणं लांबवावं. वस्तू घरातल्या सर्वांत आतल्या, कमी उन्हाच्या खोलीत, जमिनीपासून तीन-चार इंच उंच फळकुटांवर ठेवावी. प्रवासातल्या चादरी तशाच गुंडाळलेल्या राहू द्याव्यात. दोन आठवड्यांनी एक थर काढावा, आणखी दोन आठवड्यांनी दुसरा. पंख्याचा, एसीचा झोत नको. कूलरचा तर अजिबात नको, कारण तो दिवसा लाकूड फुगवतो, रात्री बंद झाला की ते पुन्हा आकसतं, आणि रोजच्या या ओढाताणीत सांधे खिळखिळे होतात.

पुरतं सुकलं हे कसं ओळखायचं? एक कवाड दर रविवारी त्याच लगेज काट्याला लावून वजन लिहावं. ओलं असताना 20 किलोचं कवाड सोलापूरच्या हवेला येईपर्यंत दीड किलोच्या आसपास उतरतं. सलग तीन आठवडे वजन 100 ग्रॅमच्या आत स्थिर राहिलं की ते सरावलं. तोपर्यंत भेगा बुजवणं, रंधा मारणं, पॉलिश, काही करू नये. 4-5 इंच जाडीच्या चौकटीला वर्षभरही लागू शकतं, तेव्हा भिंतीत बसवायची असेल तर एक उन्हाळा जाऊ द्यावा.

याच काळात कीडही तपासून होते. पायांखाली काळा कागद अंथरावा, आठवड्याला पाहावं. पीठ दिसलं तर उघड्या लाकडावर, पॉलिश नसलेल्या बाजूने, बोरॅक्सचं द्रावण लावावं: 1 लिटर कोमट पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर. ब्रशने एक हात, वाळल्यावर दुसरा. हातमोजे घालावेत, मुलांपासून दूर ठेवावं, वाळवणं सावलीत. उन्हात तापवून किडा मारण्याच्या नादात लाकूडच तडकतं.

जुना तेलरंग कोरडा घासू नये, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडावा आणि खरवडलेलं कागदात बांधून टाकावं. पॉलिशला लाख किंवा उकळलेलं अळशीचं तेल. तेलाचा पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मानिम मिसळून, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसून. ते पुसलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यातले बोळे आपोआप पेट घेऊ शकतात, सोलापूरच्या मे महिन्यात तर धोका आणखी मोठा. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग फेकावेत.

धातू आणि झोपाळा

पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ पुरतं, पण आम्ल अंगावर राहू देऊ नये. बोअरच्या जड पाण्याने धुऊन तसंच ठेवलं तर पांढरे ठिपके पडतात, म्हणून लगेच कोरड्या फडक्याने पुसावं. कोरीव भागातला काळपटपणा थोडा राहू द्यावा. तो खरवडला की नक्षीच सपाट दिसते. स्वयंपाकाला वापरायचं भांडं कल्हई केल्याशिवाय वापरू नये, आणि पूर्वी कुणी शिशाने झाळलेलं दिसत असेल तर कल्हई करूनही नको.

झोपाळा टांगताना जुन्या कड्यांवर भरवसा ठेवण्याआधी प्रत्येक कडी ओल्या फडक्याने पुसून भिंगाखाली पाहावी. ओतीव पितळेतली केसाएवढी चीर तिथेच दिसते, आणि अशी कडी बदलावीच. वाड्यात या कड्या लाकडी तुळईला असत. आपल्याकडे काँक्रीटचा स्लॅब आहे. स्लॅबला खालून अँकर फास्टनर (भोकात फुगून बसणारा बोल्ट) ठोकून झोपाळा टांगू नये, झोके घेताना ओढ प्रत्येक वेळी दिशा बदलते आणि बोल्ट हळूहळू सैल होतो. हुक बीमला आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी देऊन, इंजिनिअरला दाखवून बसवावेत. मुलांना बसवण्याआधी पाटावर बसणाऱ्यांच्या वजनाच्या दुप्पट वजनाची, वाळूची पोती दिवसभर ठेवावीत. संध्याकाळी हुकाभोवतीच्या प्लास्टरला तडा आहे का ते टॉर्चने पाहावं, आणि मगच झोका घ्यावा.